बाजाराचं वाक्य

जंगलाच्या गेटवर यंदा स्पेनचे पाहुणे येणार होते, म्हणून वनखात्याच्या साहेबांनी गाइड स्वातीला स्पॅनिश शिकायला लावलं. रोज संध्याकाळी ती अंगणात मोबाइल घेऊन बसे. पुढचे बेत सांगणं सोपं निघालं. आधी ‘वामोस आ’ म्हणायचं, मग हवं ते क्रियापद जोडायचं: जेवणार, निघणार, बघणार. पाहुण्यांना मात्र एकच बेत ऐकायचा असतो, म्हणून स्वातीने तोच घोटायला घेतला, ‘मान्याना वामोस आ वेर उन तिग्रे.’ उद्या आपण वाघ बघणार आहोत.

“काय म्हनून राह्यली वो?” चुलीपाशी बसलेल्या तिच्या मोठ्या जावेने, गुणाबाईने विचारलं.

स्वातीने मोबाइल पालथा ठेवला. गेल्या साली मोहफुलं वेचताना गुणाबाईचा नवरा, हेमराज, वाघाने नेला होता. आणि आपण तिच्यासमोर हे वाक्य हसत हसत घोकतोय.

“उद्या आपन बाजाराले जाऊ, असं म्हनते मी, बाई.”

खोटं तिथेच विरलं असतं तर बरं होतं. पण वर्षभर धड तोंड न उघडलेली गुणाबाई आता रोज पदर सावरून पाहुणीसारखी समोर बसू लागली. तेच वाक्य म्हणायची, अडखळली की स्वतःच हसायची. खरं सांगावं तर हे हसू जाणार, आणि न सांगावं तर स्वातीला रोज ते ऐकत बसावं लागणार. या बाईच्या तोंडून आपण काय वदवून घेतोय, या विचाराने तिला स्वतःचीच किळस येई.

मग मोह गळू लागला. एका पहाटे गुणाबाई टोपली घेऊन बायकांबरोबर निघाली. फाटकाशी वळून तिने हात हलवला आणि खुशीत म्हणाली, “मान्याना वामोस आ वेर उन तिग्रे.”

स्वाती अनवाणीच धावली. वाटेत गुणाबाईची टोपली धरून तिने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

बायका पुढे जाऊन थांबल्या.

“रोज त्यायच्या फोटोसमोर म्हनत होती मी थे वाक्य,” गुणाबाई म्हणाली. “सोमवारच्या बाजाराले मले थेच नेत होते ना.”

तिने स्वातीच्या हातातून टोपली सोडवून घेतली आणि बायकांमागे चालू लागली.