अर्ध्या तासात पोचणारी व्यक्ती

दवाखान्यातल्या कारकुनाने फॉर्म परत दिला. "जवळच्या व्यक्तीचं नाव राहिलंय."

"नवऱ्याचं लिहिलंय की."

"नवऱ्याशिवाय. अर्ध्या तासात इथे पोचेल अशी."

माझा नवरा वीजकेंद्रात नोकरीला. ते शहराबाहेर दीड तासावर, आणि आत मोबाईल नेता येत नाही. आई चौदा तासांच्या प्रवासावर. या गावात येऊन आम्हाला दोनच महिने झालेले, कुणाशी ओळख ना पाळख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोबतीला कोणी नसेल तर आईकडे जा, पण याच आठवड्यात, नंतर प्रवास नको. शुक्रवारी सांगा. मला जायचं नव्हतं. बाळ पहिल्यांदा रडेल तेव्हा त्याचा बाप तिथे हवा होता, चौदा तासांनी नव्हे.

"शेजारी विचार ना कुणाला," नवरा म्हणाला.

"काय विचारू? नमस्कार, मी वरच्या मजल्यावरची, माझ्या बाळंतपणाला येता का?"

मी तशी फटकळ, पण काही मागायची वेळ आली की माझं घोडं पेंड खातं. त्यातून ज्या एकीशी बोलणं झालं होतं, ती खालच्या मजल्यावरची कंडक्टरबाई. तीस वर्षं बसमध्ये ओरडून निवृत्त झालेली, आवाज मात्र अजून नोकरीवरच. पहिल्याच आठवड्यात तिने मला जिन्यात अडवलं. "दिवसभर मशीन चालतं ते तुझंच का?" मी शिंपीण आहे, मशीन चालवणार नाही तर काय करणार? "हो, माझंच. पोट आहे त्यावर," म्हणून मी तडक वर आले, आणि तेव्हापासून तिला टाळत होते.

गुरुवारी मी मशीनला हातच लावला नाही. कपाटाचा खालचा कप्पा बाळासाठी मोकळा केला होता, त्यातली सहा झबली काढून बॅगेत भरायला घेतली. डोळे सारखे भरून येत होते. अकराच्या सुमारास दार धडधडलं. दारात कंडक्टरबाई, धापा टाकत, एकाच पायात चप्पल.

"मशीन का बंद?"

"आज नाही शिवत. झालं समाधान?"

"समाधान कसलं? रोज नऊला सुरू होतं. अकरा वाजले तरी चूप. म्हटलं, कळा सुरू झाल्या की काय, आणि वर पोरगी एकटी."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी खुर्ची पुढे केली. ती बसली, झबलं उचललं, त्याच्या गळ्यात चार बोटं घातली.

"अगं, यातून डोकं कसं जाणार?"

पंधरा वर्षं मी मोठ्यांचे कपडे शिवतेय. तेच माप सगळीकडून सारखं लहान केलं होतं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या छातीएवढं असतं, हे माझ्या टेपला कोणी सांगितलंच नव्हतं. सहाच्या सहा झबली वाया.

"तुम्हाला हो काय माहीत?"

"माझ्या बसमध्ये दोन जन्मली. दोघांनीही तिकीट काढलं नाही."

मला इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. तेवढ्यात तिची नजर बॅगेवर गेली.

"ही कशाला?"

"आईकडे जाऊन यावं म्हणते. सहज."

"नवव्या महिन्यात सहज? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय ते बोल."

मी फॉर्मच तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, पेन मागितलं. नाव लिहिलं, नंबर लिहिला. शेवटच्या रकान्यापाशी जरा थांबली, मग एक शब्द लिहून कागद परत दिला.

छापलेलं होतं, "नाते". पुढे तिने लिहिलं होतं, "आहे".

एक टाका वाकडा गेला तरी अख्खी शिवण उसवणारी मी, पण तो शब्द सुधारला नाही. बॅग रिकामी केली आणि झबल्यांचे गळे उसवायला बसले. ती शेजारी बसून दोरे वेचत होती.

शुक्रवारी ती माझ्याबरोबर आली. कारकून फॉर्मवर अडला.

"नात्यापुढे 'आहे' म्हणजे?"

"आहे म्हणजे आहे," मी म्हणाले.

तो आणखी काही विचारणार, इतक्यात माझ्या मागून तो आवाज आला. "चला, पुढे चला, खोळंबा करू नका."

त्याने मुकाट्याने शिक्का मारला.