दोन्ही बाजूंनी सारखे

मित्रांनो, मी एक जुने, प्लास्टरचे डोके आहे. धड मला कधी नव्हतेच. कोल्हापुरातल्या एका मूर्तिकाराने मला साच्यातून काढले आणि मी राजारामपुरीतल्या चित्रकलेच्या क्लासात स्टुलावर येऊन बसले. तेव्हापासून माणसाचा चेहरा काढायला सगळे माझ्याकडे बघून शिकतात. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजू सारख्या, हे मीच शिकवले. "चेहरा असावा तर असा," असे क्लास घेणाऱ्या भैरवीबाई सांगत आणि मी फुगून जाई. माझ्या कानाचा टवका उडाला, तेव्हा मात्र कुणी साधा डिंकही लावला नाही.

गेल्या वर्षी अण्णासो शिकायला आले. त्यांचा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात गेलेला. सूतभर फरक त्यांना खपत नसे. वाकडा माल दिसला की ते तो बाजूला काढत. त्यांच्या बायकोच्या, चंदनाकाकूंच्या, तोंडावरून वारे गेले होते. तोंड डावीकडे ओढले गेल्यापासून काकू पदराआड राहत, जैन बस्तीत दर्शनालाही जात नसत. त्यांचे पहिले तोंड कागदावर काढून द्यावे, म्हणजे त्या पुन्हा हसतील, एवढीच अण्णासोंची आस होती. सहा महिने ते मला मोजत राहिले.

एके दिवशी त्यांनी काकूंना क्लासात आणले आणि चित्र पुढे धरले. अगदी बिनचूक होते. काकूंचे डोळे भरून आले.

"सरळ करून घ्यायला मी काय रिजेक्ट माल हाय व्हय?"

"तसं न्हाय गं," अण्णासो पुटपुटले.

"मग हाय तसं काढा की."

काकूंनी पदर खाली सोडला आणि माझ्या शेजारी बसल्या. अण्णासोंनी नवा कागद घेतला. एक डोळा खाली आला, ओठ कडेला गेला. माझा एकही नियम शिल्लक राहिला नाही. ते चित्र बघून काकू वाकड्या तोंडाने हसल्या आणि पदर न ओढता उघड्या चेहऱ्यानेच घरी गेल्या.

तेव्हापासून माझा गोंधळ उडाला आहे. इतकी वर्षे मी चुकीचे शिकवले का? पण माझ्यावाचून अण्णासोंचा हात तरी बसला असता का? नुसते डोकेच असूनही मला हे उमगत नाही.

मित्रांनो, मला मोजून जरूर शिका, माझ्यावरची धूळही पुसत जा. पण घरच्या माणसाचा चेहरा काढायला बसाल, तेव्हा माझ्याकडे पाठ फिरवा. मला वाईट वाटेल, तरी फिरवा.