समुद्राआधीचं केळवण

दिपालीला बोटीवर नोकरी लागल्याची बातमी गावात सकाळी पोचली आणि दुपारपर्यंत तिची केळवणंसुद्धा ठरली. केळवण लग्न ठरलेल्या मुलीचं करतात, हे काय गावाला माहीत नव्हतं? पण पोरगी एवढ्या लांब निघाली आणि तिला जेवू न घालता सोडायचं, हे कोणाच्या मनाला पटेना. पुसद तालुक्यातल्या या गावातून आजवर कोणी समुद्रावर गेलेलं नव्हतं. त्यामुळे रीत पाडायला मैदान मोकळं होतं.

"समुद्रात तेलाच्या विहिरी राहतात," दिपालीचे वडील, नानाजी, पानठेल्यावर सांगत होते. "तिथं माणसं काम करतात. त्यायले किराणा, प्यायचं पाणी, पाइप, सगळं नेऊन द्या लागते. ते नेणारी बोट. आपली दिपाली तिच्या डेकवर राहीन."

"म्हंजे समुद्रातला टेम्पो," त्यांचा पुतण्या बंटी म्हणाला.

"टेम्पोच. पण आपल्या ग्रामपंचायतीहून मोठा."

नानाजींनी समुद्र फक्त फोनवर पाहिला होता आणि पोहायचं म्हटलं की ते विहिरीपासून दहा हात लांब उभे राहत. पण त्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकून वाटावं, बोट तेच चालवत नेणार आहेत. दिपालीलाही हसू आवरत नव्हतं. मुंबईत शिकताना ती उंचावरून पाण्यात उडी मारायला, आग विझवायला, जाडजूड दोर गुंडाळायला शिकली होती. बोट मिळेल की नाही या धास्तीत कित्येक महिने गेले होते. आता अंगणात झाडू मारतानाही ती मधूनच गिरकी घेत होती.

एकच अट होती. नागपूरला कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी व्हायची होती आणि तिथे फिट ठरली तरच बोट. "वजन तुमचं आत्ताच काठावर आहे," कंपनीच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. "वाढलं तर ही बोट दुसऱ्याला जाईल."

आणि नेमकं त्याच आठवड्यात गाव तिला जेवू घालायला निघालं.

पहिल्या घरी पुरणपोळी आणि वाटीभर तूप. आनंदाच्या भरात दिपालीने तेही चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या घरी पहिल्या घरचा मेनू विचारून घेतला आणि त्यावर श्रीखंड चढवलं. तिसऱ्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी, वर "त्यायच्या इथं चार पोळ्या खाल्ल्या म्हंते, मंग आमचंच काहून वावडं?" एका घरी जेवायचं आणि दुसऱ्या घरी नाही म्हणायचं, म्हणजे भावकीत कायमची तेढ. दिपालीने आगीत शिरायचं शिक्षण घेतलं होतं, पण काकूच्या हातातली तुपाची वाटी थांबवायचं शिक्षण कुठेच मिळत नाही.

चौथ्या दिवशी तिने कंपनीकडून आलेला, बोटीवर घालायचा एकसंध बॉयलरसूट घालून पाहिला. चेन पोटापाशी आली आणि तिथेच रुसली. दिपालीने पोट आत ओढून पाहिलं, तरी ती हलेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती रस्त्याने पळायला निघाली. पहिल्या वळणावर बंटीने मोटरसायकल थांबवली. "काहून पळून राह्यली व? बस, सोडतो." त्याला कसंबसं कटवलं, तर मागून दूधवाला थांबला. मग ट्रॅक्टर. गावातल्या पोरीने पायी पळावं आणि आपण गाडीवर बसून बघावं, हे त्यांना शोभण्यासारखं नव्हतं. ती घरी परतली ती ट्रॉलीतून.

आता शेवटचं आणि मानाचं केळवण उरलं होतं. ते बेबीताईंकडे, म्हणजे गावातच दिलेल्या तिच्या आत्याकडे. दिपालीला खरी भीती तिथलीच होती. उमरखेडचा एक मुलगा बेबीताईंनी वर्षभर तिच्यासाठी स्थळ म्हणून धरून ठेवला होता. बोट हुकली की उमरखेड, हे सरळ होतं. त्यात आत्याने वाढलेल्या ताटात जिकडेतिकडे तूपच दिसत होतं. ही मुद्दाम तर करत नाही ना, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आत्या, मी नाही खाऊ शकत," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "वजन वाढलं तर बोट जाते माझी. खाल्लं नाही तर तुमी रुसता. मी काय करू?"

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि ताट उचलून आत नेलं.

"हे आधी सांगाले काय झालतं तुले?" त्या बाहेर येत म्हणाल्या. "आता नागपूरची तपासणी होईपर्यंत कोणी तुले जेवाले बोलावलं तर मले सांग."

मग गावाने बेबीताईंचा पहारा पाहिला. डबा घेऊन आलेल्या दोन काकवा अंगणातूनच परत गेल्या. दिपाली दिवसभर आत्याच्या वावरात कापूस वेचायची आणि भाकरीबरोबर ताक प्यायची. सकाळी ती पळताना बेबीताई हातात काठी घेऊन वळणावर उभ्या राहत, कोणी गाडी थांबवू नये म्हणून.

नागपूरलाही त्याच सोबत गेल्या. डॉक्टरांच्या काट्यापाशी त्यांनी दिपालीच्या चपला काढायला लावल्या, मग बांगड्या, मग कानातलं, मग केसातल्या पिना. "मावशी, पिनांनी काही होत नाही," डॉक्टर हसत म्हणाले. "होत नसन तर राहू द्या माह्याजवळ," बेबीताई म्हणाल्या.

दिपाली फिट ठरली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तिने आत्याला उचललं आणि गरकन फिरवलं, केस मोकळे, कान रिकामे. रस्त्यावरचे लोक बघत राहिले. फोनवर नानाजी नुसतेच "हाव, हाव" म्हणत होते आणि मध्येच नाक ओढत होते.

परतीची पुसद गाडी सुटल्यावर बेबीताईंनी पिशवीतून डबा काढला. त्यात दोन पुरणपोळ्या आणि तूप होतं. सकाळपासून तो डबा त्यांच्याजवळ होता आणि दिपालीला त्याचा पत्ता नव्हता.

"खाय. माह्यं केळवण अर्धं राह्यलं."

दिपालीने पहिला घास घेतला. "आत्या, उमरखेडच्यायले काय सांगशीन?"

"तुह्या नोकरीचा फोन आला त्याच दिवशी त्यायले नाही म्हटलं," बेबीताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मीनंच सारं गाव केळवणाले लावलं. पोरगी सुखानं चालली, मंग मान लग्नाचाच भेटाले पाहिजे."

दिपालीने तोंडातला घास संपवला. मग तिने दुसरी पोळी मोडली आणि आत्याच्या तोंडात घातली.