रिकामी पळते, भरली की घसरते

मी बोलतेय ती होडीच्या मागच्या फळीवरून. दोनदा रंग फासलेली, झाकणाची क्लिप तुटल्यामुळे दोरीनं बांधलेली जुनी मोटर. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेल्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या.

माझे पहिले मालक मासे धरायचे. दुसऱ्यांनी मला हौसेनं घेतलं आणि हौस फिटल्यावर सहा वर्षं जुन्या सायकलीखाली टाकलं. तिसऱ्यांनी मला तिथून उचलून प्रवासी होडीला लावलं. या काठाचे कामगार, दोन शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांना पलीकडे न्यायचं. त्या कामात माझा जीव रमला.

मग मालक जिन्यावरून पडले आणि कमरेच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. होडी त्यांच्या बायकोनं हाती घेतली. मी तिला मनातल्या मनात वहिनी म्हणते. तिनं हँडल धरलं आणि नेमकी तेव्हाच मी दगा द्यायला लागले. होडी रिकामी असली की सुसाट, माणसं बसली की आवाज गगनाला आणि वेग गोगलगायीचा.

"तू हँडल एकदम पिळतेस," मालक म्हणायचे. "माझ्या हातात कधी कुरकुरली का ती?"

मेकॅनिक आला. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला आणि हात पुसत म्हणाला, "मोटर ठणठणीत आहे. चालवणाऱ्याचं बघा."

अहो, माझा पाण्याखालचा पंखा काढून बघा, असं ओरडावंसं वाटलं. पण माझ्या तोंडून निघतो तो धूर.

एका सोमवारी नऊ माणसं होती, पाण्याला ओढ होती. मध्यावर वहिनीनं वेग वाढवला, मी नुसतीच किंचाळले आणि होडी आडवी होऊन पुलाच्या खांबाकडे निघाली.

"अगं, खांब!" नर्सबाई ओरडल्या.

दुसरं कुणी असतं तर आणखी पिळलं असतं. वहिनीनं हँडल सैल सोडलं. माझा जोर उतरला तसं पंख्यानं पाणी धरलं. हातभर अंतरावरून खांब मागे गेला. दुसऱ्या दिवशी तिघंच आले.

"विकून टाकू. मोटरही, होडीही," मालक म्हणाले.

मी तेव्हा घराच्या मागच्या दाराशी स्टँडवर होते. स्वयंपाकघरात मिक्सर ओरडत होता, पण भांड्यातलं पातं थांबलं होतं. वहिनीनं बटण बंद करून भांडं उलटं केलं. खालचं रबर झिजलं होतं. ती ते बघत राहिली आणि तशीच ओल्या हातानं बाहेर येऊन माझ्या पंख्यापुढे उकिडवी बसली.

सकाळी तिनं नेलपॉलिशनं पंख्याच्या मधल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढली. होडीत वाळूची पोती भरली, काठाकाठानं मला जोरात पळवलं आणि वर उचललं. रेघ तुटली होती. अर्धी जागेवर, अर्धी पाव फेरा मागे. वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पंखा काढून ती थेट मालकांच्या खाटेशी गेली. "बघा. आतला दांडा फिरतो, पंखा मागे राहतो. मधलं रबर सुटलंय. चूक माझ्या हाताची नव्हती."

मालकांनी पंखा उलटसुलट केला. एका पात्याच्या कडेला खोक होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"मी पडायच्या आदल्या आठवड्यात ही खडकावर आपटली होती," ते म्हणाले. "माझ्याच हातून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्यासमोर कमीपणा वाटला."

"आणि माझा कमीपणा महिनाभर नदीवर गाजला, तो?" वहिनी म्हणाली. "आज पाठ चोळायला दुसरं कुणी शोधा."

पण ती उठली नाही.

त्या रबरावर माझा राग नाही. खडकावर ते घसरलं म्हणून माझी आतली दातेरी चाकं वाचली. आता नवं रबर बसवलंय. माणसं हळूहळू परतली. मालक काठी टेकत धक्क्यावर येतात. परवा नर्सबाईंनी विचारलं, "आता होडी तुम्ही चालवणार ना?"

"छे, मी दोर धरतो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. मी उगाच बोल लावला होता."

माझं आता फार उरलेलं नाही, आतून सगळी खिळखिळी झालेय. पुन्हा कधी भर पाण्यात अडले, तर एवढं करा. आधी मला उचलून बघा, मग तिच्याकडे बघा.