दगडावर कुठलं नाव घालायचं

सेवेरिनमास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चाळीस वर्षं गावातल्या पोरांना इतिहास शिकवला, आणि आता एका दगडावर एक नाव लिहून द्यायचं तर मास्तर तीन दिवस नुसते पेन चावत बसले होते.

ओल्शिनीच्या दफनभूमीत चौदा जणांची एकच कबर आहे. सगळे एकाच तुकडीतले, जंगलातून जर्मनांशी लढलेले, पंचेचाळीसच्या जानेवारीत एकाच सकाळी मेलेले. तिच्यावर नवा दगड बसायचा होता, तोही सर्व संतांच्या दिवसाआधी, कारण त्या दिवशी अख्खं गाव कबरींवर दिवे लावायला येतं. चौदा नावं तयार होती. वर दलाचं नाव घालायचं, ‘स्वतंत्र पोलंड दल’, की झालं. पण तिथंच घोडं पेंड खात होतं.

चव्वेचाळीसच्या वसंतात या दलाची दोन शकलं झाली. दलामागचा पक्षही फुटला, बंदुकाही वाटल्या गेल्या. अर्धे मोठ्या गुप्त सेनेला जाऊन मिळाले, अर्धे म्हणाले, मेलो तरी मिळणार नाही. बरं, भांडलात तर भांडलात, निदान नाव तरी बदलायचं होतं. पण नाही. दोघांचं नाव तेच, टोपी तीच, बिल्ला तोच. आणि त्याच ऑगस्टात न मिळालेल्यांच्या इथल्या तुकडीनं गोंसिओर गिरणीवाल्याला फितूर म्हणून त्याच्याच दारात गोळी घातली. तो फितूर नव्हता, हे मागाहून कळलं. ओल्शिनीच्या जंगलात तेव्हा तुकड्या दोन होत्या, एकेका शकलाची एकेक. कबरीत कुठली, हे एकही कागद धड सांगत नव्हता. माणसं टोपणनावानं राहायची आणि कागद जाळायची. मास्तर एकदा इकडे कलायचे, एकदा तिकडे, आणि चहा गार व्हायचा.

“मास्तर, मला अक्षरं द्या हो,” पिरेक पाथरवट दारात उभा राहून म्हणाला. “दगड काय वाट बघेल, त्याला दुसरं काम नाही. मला आहे.”

“उद्या देतो.”

“हे तुम्ही मंगळवारपासून म्हणताय.”

पिरेक गेला आणि लेओकाडियाबाई आल्या. त्या रोज येत. चौदांतला सहावा त्यांचा बाप. बाप गेला तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. आज येताना खसखशीची वडी घेऊन आल्या होत्या, म्हणजे आज तगादा मोठा होता.

“स्पष्ट लिहा, एवढंच म्हणते मी,” त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. “कुठलं दल ते शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. नुसतं नाव लिहाल, तर लोक बाबांना त्या खुन्यांत धरतील. सुक्याबरोबर ओलं जळायला नको.”

“पण पुरावा नको का, बाई?”

“पुरावा कसला? आमच्याइतकं गिरणीवाल्याचं कुणी केलंय का? पहिला दिवा त्याच्या कबरीवर, मग बाबांच्या. पोरवयापासून आई मला तसंच करायला लावायची. आजवर एक साल चुकलं नाही.”

मास्तरांनी वडी तोडता तोडता हात थांबवला. “आधी त्याचा? बापाच्याही आधी?”

“बाबाच सांगून गेले होते. शेवटच्या नाताळात घरी आले तेव्हा आईला म्हणाले, मी मेलो तर आधी त्याचा दिवा लाव, मग माझा.”

“मग दोघांची दोस्ती असणार,” मास्तर म्हणाले. खरं तर त्यांना तसंच असायला हवं होतं.

“छे. मीही एकदा आईला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, ओळखसुद्धा नव्हती. एकदाच काय ते भेटले, त्याच्या दारात…”

बाई मध्येच थांबल्या. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले, कारण बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तीन दिवसांचा गोंधळ एका क्षणात निवळला, आणि मास्तरांना वाटलं, तो गोंधळच बरा होता.

“बाई,” ते म्हणाले, “नुसतं दलाचं नाव लिहू. काही बिघडत नाही. कोण विचारतंय आता?”

“मी रोज येऊन काय सांगत होते तुम्हाला?”

“स्पष्ट लिहा म्हणून.”

“मग लिहा,” लेओकाडियाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. वडी तशीच राहिली.

पिरेकनं कागद वाचून कपाळाला हात लावला. ‘स्वतंत्र पोलंड दल, १९४४ मध्ये गुप्त सेनेत सामील न झालेली शाखा.’ एवढी अक्षरं कुठं बसवू, म्हणाला. पण बसवली.

सर्व संतांच्या दिवशी दफनभूमीत शेवंतीचा नि मेणाचा वास भरला होता. लेओकाडियाबाई काचेचे दोन दिवे घेऊन आल्या. पहिला त्यांनी गिरणीवाल्याच्या कबरीवर लावला, नेहमीसारखा. मग नव्या दगडापाशी आल्या, एकेक अक्षर वाचलं, आणि दुसरा दिवा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्याची वात अजून कोरीच होती. मास्तर जवळ गेले.

“बाबांचा तुम्ही लावता का, मास्तर?” त्या म्हणाल्या. “आज माझा हात धजत नाही.”