सज्ज्याखालची गाडी

हातून एखादी वस्तू निसटणे हे मनुष्यमात्राच्या प्रारब्धातच आहे. त्याबद्दल शास्त्रही फारसे कठोर नाही. परंतु निसटलेल्या गोष्टीवर मनुष्य जेव्हा स्वतःच्या हाताने पांघरूण घालतो, तेव्हापासून त्या घटनेचे कर्तेपण त्याच्याकडे येते, आणि त्या पांघरुणाखाली पुढे जे वाढते त्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

थोरला भाऊ खाली राहत असे, धाकटा वर. वडिलांनी घर असे वाटून दिले. अंगण वाटायचे मात्र राहून गेले. थोरल्याची गाडी धाकट्याच्या सज्ज्याखाली उभी राही. ती तिथेच का, यावरून एके काळी शब्दाने शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. कित्येक वर्षे दोन्ही घरांचा संवाद दारे आपटण्यापुरता उरला होता. धाकट्याची बायको म्हणे, हे भाऊ बोलत नाहीत, पण एकमेकांच्या शिंका बरोबर मोजतात.

वरच्या न्हाणीघराची गळती जुनी होती. अखेर गवंडी बोलावला. फोडलेल्या फरश्यांचा राडारोडा पोत्यांत भरला गेला, आणि ती पोती अंगणाच्या कोपऱ्यात ठेवावीत असे गवंड्याने सुचवले. अंगणात ठेवायची म्हणजे थोरल्याला विचारणे आले. धाकट्याने क्षणभर विचार केला आणि पोती सज्ज्यावर रचायला सांगितली. न्हाणीघराचे पाणी इतकी वर्षे भिंतीतून त्याच सज्ज्याच्या पोटात मुरत होते, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही. पोत्यावर पोते चढत गेले.

थोरला आणि वहिनी तेव्हा गाडी घरी ठेवून परगावी लेकीकडे गेले होते. दुपारी आत घणाचे घाव चालू असताना सज्ज्याच्या खालच्या अंगाचा एक जाड पापुद्रा सुटला आणि गाडीच्या टपावर कोसळला. धाकटा धावत खाली आला. टप वाटीसारखा आत गेला होता. त्याने वर पाहिले, तेव्हा सज्ज्याच्या पोटात तांबूस, फुगलेल्या, पोखरलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. त्याच्या डोळ्यांना त्या दिसल्या. मन मात्र टपावरच्या खळग्यातून बाहेर येईना.

बायको म्हणाली, लगेच फोन करून सांगावे. फार तर चार शिव्या देतील. धाकट्याला ते पटले नाही. इतक्या वर्षांनी बोलायचे आणि पहिलेच वाक्य अपराधाचे, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे होय, असे तो म्हणाला. गवंड्याने मान डोलावली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब," तो म्हणाला.

गवंड्याच्या ओळखीचा एक कारागीर आला. त्याने टप आतून ठोकून वर आणला, त्यावर रंगाचा हात दिला, आणि उन्हात तिरके पाहिले तरच ओळखू येईल एवढीच लाट मागे राहिली. गवंड्याने शिडी लावून सळयांवर सिमेंट लिंपले. लिंपून झाल्यावर तो शिडीवरच जरा वेळ थांबला आणि बोटाने सज्ज्याची कड दाबून पाहू लागला. मग उतरला आणि हत्यारे गोळा करू लागला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. दुसरीकडे तातडीचे काम निघाल्याचा निरोप तेवढा आला.

न्हाणीघर अर्धेच राहिले. पोती तिथेच राहिली.

सज्ज्याचे दार आता चौकटीत बसेना. बायकोने ते नवऱ्याला दाखवले. दार ओल लागून फुगले असेल, असे तो म्हणाला. त्यावर ती म्हणाली, की दार जिथल्या तिथेच आहे, उंबरठ्याच्या पलीकडची फरशी खाली गेल्यासारखी दिसते. त्याने वाकून पाहिले. भिंत आणि सज्जा यांच्या सांध्यात एक काळी रेघ उमटली होती. पूर्वी ती होती की नव्हती, हे त्याला आठवेना. आणि आठवण्याची त्याची इच्छाही नव्हती.

संध्याकाळी थोरला परतला. गाडीभोवती एक फेरी मारून तो घरात गेला. त्याला काही कळले नाही. धाकट्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याला जेवण गेले नाही.

सकाळी थोरला बादली आणि फडके घेऊन अंगणात आला. गाडी पुसणे ही त्याची संध्याच होती. तिच्यात खंड नसे. धाकटा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होता. थोरल्याने टप पुसून लखलखीत केला. त्यावर वरून चिमूटभर बारीक धूळ पडली. त्याने ती पुसली. पुन्हा पडली. त्याने पुन्हा पुसली, वर न पाहता, कपाळाला आठी घालून. तिसऱ्यांदा पडली ती धूळ नव्हती. वाळूची अखंड बारीक धार होती.

धाकट्याने बोलावे, तर झाकलेले सारे उघडे पडणार होते. न बोलावे, तर भाऊ त्या धारेखाली उभा होता.

"दादा," तो म्हणाला, "तिथून बाजूला हो."

थोरल्याचा हात थांबला. मान वर झाली नाही.

"झालं सुरू? गाडी इथेच राहणार. खालची जमीन माझी आहे, तू वरची हवा सांभाळ."

"गाडीचं नाही म्हणत मी. तू बाजूला हो."

"आज मी बाजूला होतो, उद्या गाडी होईल. इतकी वर्षं गप्प बसून हाच डाव शोधलास होय रे, धाकट्या?"

आणि तो चाकांकडे वळला, सज्ज्याच्या अगदी मध्याखाली उकिडवा बसला. धाकट्याला कळून चुकले, की भावाला वाचवणारी सूचना आपल्या तोंडातून निघाली म्हणूनच भावाला खोटी वाटत होती. आता त्याला तिथून उठवील असे एकच वाक्य शिल्लक होते.

"तुझी गाडी मी फोडली, दादा. तू नसताना सज्ज्याचा तुकडा पडला. टप ठोकून घेतला, रंग लावला, तुला कळू नये म्हणून."

थोरला उठला. त्याने टपावर हात फिरवला, सावकाश, आजाऱ्याच्या अंगावरून फिरवावा तसा. वाळू त्याच्या मनगटावर पडत होती. हात त्या लाटेवर थबकला. धाकट्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

"थांब तिथेच," थोरला म्हणाला. "येतो वर."

"ये. आत्ता ये."

फडके बादलीत टाकून तो जिन्याकडे निघाला. पावलांचा आवाज जिन्याच्या वळणाशी पोहोचला असेल, तोच घराच्या हाडांतून एक कण्हणे आल्यासारखे झाले, आणि सज्जा पोत्यांसकट खाली गेला. खिडकीतून धुळीखेरीज काहीही दिसेना.

धाकटा जिन्याकडे धावला. थोरला वळणाशी कठड्याला धरून उभा होता. रागाने चढलेला तो चेहरा आता राखेसारखा झाला होता. खाली वहिनी दारात येऊन नावाने हाका मारत होती. थोरल्याने हात वर करून तिला दाखवला. मग तो पायरीवर बसला. धाकटा एक पायरी खाली बसला.

मनगटावरची वाळू झटकत थोरला म्हणाला, "माती पडत होती. मी आपला पुसतच होतो."

"मीही," धाकटा म्हणाला.

धाकट्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला.

वर राहणाऱ्यांचे आणि खाली राहणाऱ्यांचे कल्याण असो. ज्यांचे बोलणे तुटले आहे, त्यांना ते वेळ टळण्यापूर्वी सापडो. आणि ज्याच्या हातून काही निसटले असेल, त्याच्या जिभेला ते सांगण्याइतके बळ लाभो.