एक चाक खाली

“दर खेपी मीच काऊन गाडी खाली घेऊ?” कडूबा स्टिअरिंगवर पुटपुटला.

“नका घेऊ आज. घेऊ द्या समोरच्याले,” शेजारून सुभद्राबाई, त्याची बायको, म्हणाली.

हे मी सीटखालून ऐकलं. मित्रांनो, मी एक जुनी टॉमी आहे, चाकं खोलायची लोखंडी कांब. धामणगाव बढ्याच्या लोहाराने बैलगाडीच्या मोडक्या आसातून मला घडवलं. कडूबाच्या पिकअपची चाकं मी खोलली, तशीच वाटेत अडलेल्या परक्या गाड्यांचीही. “टॉमी असावी तं कडूबाची!” असं कोणी म्हटलं की माझा तोरा विचारू नका.

मोताळ्याकडे जाणारा आमचा रस्ता एका गाडीपुरत्या डांबराचा. समोरून गाडी आली की दोघांनी एकेक चाक मातीवर उतरवायचं, ही रीत. त्या सकाळी आम्ही वांगी घेऊन बाजाराला निघालो होतो आणि समोरून रमाकांत मास्तरांची कार आली, शेजारी त्यांच्या पत्नी. कोणीच उतरलं नाही. आरशावर आरसा फुटला.

“आंधळा आहेस का?” मास्तरांनी खाली उतरून कडूबाच्या थोबाडीत दिली.

“हात लावाले तू कोन बे?” कडूबाने मला उपसलं. पहिला घाव कारच्या काचेवर, दुसरा मास्तरांच्या मनगटावर. हाड मोडलेलं मला अंगभर जाणवलं. मास्तरांनी धडक्या हाताने मला हिसकलं आणि कडूबाच्या डोळ्यावर हाणलं. झटापटीत गाडीतली पोती फाटली, वांगी रक्तात लोळली. लोक जमले ते मोबाइल उगारून. सोडवायला धावल्या त्या दोघांच्या बायकाच.

आता मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, हवालदाराच्या पायाशी पडले आहे. आत डॉक्टर कडूबाचा डोळा वाचवताहेत. डोळा गेला तर त्याचं गाडी चालवणंही गेलं. बाहेर मात्र सगळ्यांचं एकच पालुपद.

“रस्ताच बारीक आहे, साहेब,” प्लास्टरातला हात सावरत मास्तर म्हणाले.

“हाव, लय बारीक,” सुभद्राबाई जमिनीकडे पाहत म्हणाली.

मित्रांनो, मला चाकापाशीच राहू द्या. माझ्यावरचं रक्त कोणाचं, हे मलाही सांगता येत नाही.

हवालदार लिहू लागला. तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी सुहासिनीताई बाकावरून उठल्या.

“थांबा, साहेब. रस्त्याला नावं ठेवू नका. जागा दोघांनाही पुरली असती. आमच्या यांनीसुद्धा चाक उतरवलं नाही.”